परळच्या देवळाची पन्नाशी

पावसाळ्यानं देवळाच्या पश्चिमेच्या भिंतीवर काळपट हिरवी बुरशी चढवली होती, आणि ती खरवडायचं काम सुंदराबाईकडं होतं. होतं म्हणजे तिनं ते दुसऱ्या कुणाला घेऊ दिलं नव्हतं. देवळाच्या वडीलमंडळाला, म्हणजे मंडळीनं निवडून दिलेल्या आणि कोट घालून पुढच्या बाकावर बसणाऱ्या चार-पाच पुरुषांना, पन्नाशीच्या सोहळ्यासाठी रंगारी लावायचा होता. सुंदराबाई म्हणाली, खुशाल लावा, पण पाहुण्यांनी विचारलं की इतकी वर्षं हे देऊळ कुणी झाडलं, तर त्या रंगाऱ्यालाच पुढं करा. मंडळ गप्प बसलं. काम फुकट होत असलं की मंडळ नेहमीच गप्प बसायचं.

ऑक्टोबरचा उकाडा. गिरण्यांचा धूर वर जायचा सोडून चाळींच्या कौलांवरच बसून राहिलेला. भिंतीचा दगड दुपारी असा तापायचा की पत्र्याची खरवडणी हातात टिकायची नाही. सुंदराबाई पदराचा बोळा मुठीत धरून खरवडायची. बुरशीचे पोपडे घामाला चिकटायचे. शिडीवर तिचा मुलगा माधव कुंचला घेऊन, आणि खाली सून शेवंती पिंपात चुना ढवळत. कळीचा चुना पाण्यात पडला की खदखदून उठायचा, त्याची वाफ नाकात शिरायची. शेवंती तोंड बाजूला करून ढवळायची. तिचं पोट आता लुगड्यात लपत नव्हतं.

"नीळ जरा बेतानं टाक गं," सुंदराबाई म्हणाली. "देवळाला चुना लावायचाय, धोब्याचे कपडे नाय काढायचे."

देऊळ बुटकं, दगडी, वर लाल कौलं आणि एक घंटा. दारावरच्या पाटीवर ‘प्रेस्बिटेरियन मंडळी, परळ’ असं लिहिलेलं. आसपासच्या चाळींत त्याला स्कॉच मिशनचं देऊळ म्हणत, आणि टवाळ पोरं, ख्रिस्ती माणसं म्हणून, म्हणत पाववाल्यांचं. संवत छप्पनच्या, म्हणजे एकोणीसशे सालच्या, दुष्काळात जालन्याकडून पोटासाठी आलेल्या माणसांनी ते बांधलं. दिवसा गिरणीत, आणि पाळी सुटली की शिवडीच्या खाणीतला दगड डोक्यावर. त्यात सुंदराबाईचा सासरा भिवा होता. सासूचे तळपाय चुन्याच्या खड्ड्यात उतरून असे भाजले होते की मरेपर्यंत तिला वहाण चालली नाही. देऊळ उभं राहिलं तेव्हा त्या वेळच्या मिशनरी डंकन साहेबानं भिवाला मागच्या भिंतीला टेकून एक खोली दिली. झाडलोट, घंटा, बाकांचं तेलपाणी आणि प्रभुभोजनाची भाकर हे सगळं त्या खोलीकडं आलं. भिवा गेला, नवरा शामराव खोकून खोकून त्याच खोलीत गेला, आणि सुंदराबाई घंटा वाजवत राहिली. तिला सहीपुरतंच लिहिता यायचं, पण गाण्यांचं पुस्तक ती उलटं धरूनही गाऊ शकायची, इतकं सगळं पाठ.

आता त्याच खोलीवर गदा आली होती, आणि ती माधवपायी.

माधव गिरणीच्या साचेखात्यात, मागावर कामाला होता. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात गेला, फोर्टात पोलिसांनी उचलला, आत राहून आला. गिरणीनं कायमचं काम काढून घेतलं. आता रोज सकाळी बदलीच्या रांगेत उभा राहायचा, नाव पुकारलं तर काम, नाहीतर घरी. गिरणीतले सोबतीही त्याला विचारायचे, तू रे पाववाला, तुझं यात काय अडलंय? तो म्हणायचा, मी देवाकडं मागतो तेसुद्धा मराठीत मागतो, आता बोल. ते हसायचे, पण पुढच्या मोर्च्यात त्याला पुढं चालू द्यायचे.

देवळात मात्र कुणी हसलं नाही. स्कॉच साहेबांनी घालून दिलेली रीत अशी, की प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी वडीलमंडळ दारात उभं राहून ज्याचं वागणं धड आहे त्याला शिशाचा एक लहानसा बिल्ला देतं. बिल्ला असेल त्यानं भोजनाला बसावं. नसेल त्यानं मागच्या बाकावर बसून इतरांनी खाल्लेलं बघावं. मागच्या खेपेला माधवला बिल्ला दिला नाही. कारण सांगितलं दंगा. लहानपणापासून ज्या पोरानं गाणी उचलून धरली तो मागच्या बाकावर भिंतीला डोकं टेकून बसला, आणि सबंध मंडळीनं मान वळवून वळवून त्याला पाहिलं. त्या दिवशी तो जेवला नाही. सुंदराबाईनंही त्याला जेव म्हटलं नाही.

तिसऱ्या प्रहरी जगदीशराव आले. वडीलमंडळात सगळ्यांत मोठे. फोर्टातल्या एका कचेरीत हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेले, दादरला ब्लॉकमध्ये राहणारे. त्यांचे वडील याकोबदादा आणि भिवा एकाच बैलगाडीतून जालन्याहून आले होते, म्हणून ते सुंदराबाईला वहिनी म्हणत आणि ती त्यांना भावजी. नातं एवढंच राहिलं होतं.

त्यांनी भिंतीवरून बोट फिरवलं, बोट पाहिलं, रुमालाला पुसलं. शिडीवरचा माधव त्यांना दिसला नाही. दिसत होता तरी दिसला नाही. त्यांनी सुंदराबाईला सावलीत बोलावलं आणि पाहुणे कोण येणार ते सांगितलं. प्रेस्बिटेरीचे, म्हणजे सगळ्या मंडळ्यांवरच्या मोठ्या मंडळाचे लोक, मिशन शाळेला अनुदान देणाऱ्या खात्याचे एक साहेब, आणि खुद्द स्कॉटलंडहून डंकन साहेबाचा पुतण्या. शाळेचं अनुदान सरकारच्या हातात, आणि सरकारविरुद्ध दगड उचलणारा मुलगा देवळाच्या आवारात राहतो हे त्या साहेबाच्या कानावर गेलं तर काय होईल, ते वहिनींनीच समजून घ्यावं. मंडळाचं ठरलं होतं. माधवनं सोहळ्याच्या दिवशी सगळ्यांपुढं उभं राहून आपण चुकलो म्हणायचं. नाहीतर नाताळाच्या आत खोली सोडायची.

"त्यानं दगड उचलला नाय," सुंदराबाई म्हणाली. "त्यानं झेंडा उचलला."

"पोलीस फरक करत नाहीत, वहिनी."

"नाय करत. टिळकांना शिक्षा झाली आन् सगळ्या गिरण्या बंद पडल्या, तवाबी नाय केला. भावजी, तवा दगड कुणी उचलले, ते आठवतंय का मी आठवून देऊ?"

जगदीशरावांनी दाराकडं पाहिलं.

ही गोष्ट सुंदराबाईला सासूनं सांगितली होती, आणि सुंदराबाईनं माधवला. देऊळ अर्धं झालेलं, वर कौलं नाहीत, पाऊस आत पडतोय. रस्त्यात गोरे शिपाई बंदुका घेऊन. भिवा आणि याकोबदादा दोघंही शिपायांवर दगड टाकून पळत आले आणि व्यासपीठाखालच्या पोकळीत चुन्याच्या पोत्यांआड शिरले. डंकन साहेबानं वर फळ्या टाकल्या, फळ्यांवर खुर्ची ठेवली, खुर्चीवर छत्री उघडून बसला आणि पुस्तक वाचत राहिला. पोलीस आले, साहेब पाहून सलाम करून गेले. पुढच्या प्रभुभोजनाला साहेबानं दोघांनाही आपल्या हातानं बिल्ला दिला.

"ते दिवस वेगळे होते," जगदीशराव म्हणाले. "आणि आता त्याला साक्षी कोण आहे? आमच्या वडिलांचं नाव पन्नासाव्या वर्षी असं घ्यायचं असेल तर घ्या बापडे. पण मग खोलीचं माझ्याकडं काही बोलू नका."

ते गेल्यावर माधव शिडीवरून उतरला. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"मी चुकलो म्हणणार नाय, आई."

"तुला म्हण म्हटलं का मी?"

"मग आपण जाऊ. शीव कोळीवाड्यात माझ्या जोडीदाराची पडवी आहे. तो म्हणतो, गोणपाट बांधून घे आन् राहा."

"सुकटीच्या वासात बाळंत करतोस का बायकोला? गोणपाटाआड?"

शेवंतीनं ढवळायची काठी पिंपाला टेकवली आणि दोन्ही हातांनी कंबर धरली. तिची बोटं चुन्यानं चिरली होती. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

पुढचे दिवस चुन्यातच गेले. सकाळी माधव बदलीच्या रांगेत. काम मिळालं नाही की परत येऊन शिडीवर. दुसरा हात पहिल्यापेक्षा जड, कारण पहिला हात सुकला की दगडाचे सगळे डाग पुन्हा वर यायचे. सुंदराबाईच्या बोटांच्या पेरांतून रक्त यायला लागलं. ती खोबरेल लावायची आणि परत बादली उचलायची. मग बाकांचं काम निघालं. वाळवी बघायची, ढेकणांना कढत पाणी, वर जवसाचं तेल. सोहळ्याला माणूस जास्त, म्हणून शाळेतले लांब बाकही आणून मांडायचे होते. माधव एक टोक धरायचा, दुसरं सुंदराबाई. तेवढ्या कामात दोघं एकमेकांशी बोलायची: "वळव," "खाली," "पाय बघ." बाकी बोलणं बंद.

एका दुपारी शेवंती भरली बादली घेऊन येताना पायरीवर बसली ती उठेचना. ओठ पांढरे. सुंदराबाईनं तिला हाताला धरून खोलीत नेलं. सुईण आली, पोटावर हात ठेवून बराच वेळ बसली, आणि बाहेर येऊन म्हणाली की पोरगीला पाठ टेकू द्या, पायऱ्या-बादल्या बंद, जागचं हलवू नका. "हलवू नका" हा शब्द सुंदराबाईनं ऐकला. सुईण त्यापुढंही बोलत होती, पण तिला तेवढंच ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी माधव गिरणीवर गेल्यावर तिनं धुवट लुगडं नेसलं आणि दादरला चालत गेली. जगदीशरावांच्या दारात घंटी होती. आयुष्यभर घंटा वाजवणाऱ्या बाईला ते बटण दाबायला भीती वाटली. तिनं कडी वाजवली. दार त्यांच्या बायकोनं, कमलबाईंनी उघडलं. त्यांनी सुंदराबाईचे हात पाहिले, नव्या सोफ्याकडं पाहिलं, आणि व्हरांड्यात स्टूल आणून ठेवलं. चहा दिला तो चांगला दिला, आल्याचा. सुंदराबाईनं तो प्यायला नाही. साय धरली तरी तसाच ठेवला.

मंडळीत एक जुनी रीत होती, पुष्कळांना ठाऊकही नव्हती. घरातल्या कुणाची चूक असेल, तर घरातल्या मोठ्या माणसानं त्याच्या वतीनं उभं राहिलं तरी चालायचं. भिवा एकदा पिऊन घंटा वाजवायला विसरला, तेव्हा सासू अशी उभी राहिली होती, त्या भाजलेल्या पायांवर. सुंदराबाईनं तेच मागितलं. पोराच्या बदली मी उभी राहते. पण बिल्ला त्याला आदल्या दिवशीच द्या, आणि मी उभी राहणार हे त्याला कळू देऊ नका.

जगदीशराव बराच वेळ चष्मा पुसत होते.

"तो मानेल का?"

"भर देवळात आईचा हात धरून खाली ओढंल का तो? तसला नाय."

"आणि वहिनी, तुम्ही तिथं दुसरं काही बोलणार नाही ना? आमच्या वडिलांचं वगैरे?"

सुंदराबाईला हसू आलं. ह्या माणसाला तिची भीती वाटते हे कळून तिला क्षणभर इतकं बरं वाटलं, की आपण इथं काय करायला आलो तेच ती विसरली. मग आठवलं.

"नाय बोलणार," ती म्हणाली.

घरी येताना ती स्वतःला समजावत होती. पोरगं चिडेल, दोन दिवस बोलणार नाही. मग मूल होईल. मूल झाल्यावर कोण कुणावर चिडून राहतंय? खोली राहील. मान खाली गेली तर गेली, आपली जाईल; पोराची नाही. तिनं हिशेब असा मांडला, आणि तो तिला बिनचूक वाटला.

शनिवारी तयारीच्या उपासनेला दारात जगदीशरावांनी माधवच्या हातात बिल्ला ठेवला. माधव तिथंच थबकला. मागचे लोक खोळंबले. संध्याकाळी तो चुलीपाशी आला तेव्हा सुंदराबाई भाकरीचं पीठ मळत होती. गव्हाचंच पीठ, बिनखमिराचं, जाड लाटायचं आणि मंद आचेवर भाजायचं. पण देवळात तिला भाकर म्हणत, कारण देऊळ बांधलं तेव्हाच्या माणसांना दुसरा शब्द माहीत नव्हता.

"आई, कसा काय दिला?"

"मला काय विचारतोस? त्यांचं त्यांना उमगलं असंल."

"जगदीशकाकांना?"

"याकोबदादाचं रक्त आहे. कुठंतरी असंल शिल्लक."

माधव हसला. कितीतरी दिवसांनी हसला. त्यानं आंघोळ केली, नखांतला चुना काडीनं काढला, तांब्यात निखारे घालून शर्टाला इस्तरी केली. मग शेवंतीच्या उशाशी बसून सकाळची गाणी हळू आवाजात म्हणून पाहिली. मध्येच म्हणाला, बघ, म्हातारी देवळातल्या दगडांसारखी आहे, हलत नाही म्हणून आपण टिकतो. सुंदराबाई तव्यावरची भाकर उलटत होती. तिनं मागं पाहिलं नाही. धुरानं डोळ्यांना पाणी आलं, असं ती शेवंतीला म्हणाली.

रविवारी देऊळ पांढरंशुभ्र दिसत होतं. पाहुण्यांना पंखा लावलेला. डंकन साहेबाचा पुतण्या गोरा, घामाघूम, सारखा हसणारा. अनुदानाच्या खात्याचे साहेब त्याच्या शेजारी. शेवंती हट्टानं आली होती; सुंदराबाईनं तिला आपल्या आणि माधवच्या मध्ये बसवलं होतं, पाठीशी उशी देऊन.

जगदीशराव देवळाचा इतिहास सांगायला उठले. त्यांनी तो इंग्रजीत सांगितला, पाहुण्यांना कळावा म्हणून. पाळकांनी, म्हणजे देवळाच्या पाद्र्यांनी, मराठीत सारांश सांगायचं ठरलं होतं, पण वेळ कमी होता म्हणून ते राहिलं. सुंदराबाई ताठ बसून ऐकत होती. एक शब्द कळत नव्हता, पण नावं कळली असती. डंकन आलं. पुन्हा डंकन आलं. गव्हर्नर आलं, एडिंबरो आलं. ती भिवा या नावाची वाट बघत होती. याकोबचीही बघत होती. स्वतःच्या बापाला तरी घेईल. जालना आलं तेव्हा ती पुढं सरकून बसली. पण जालना आलं आणि गेलं, आणि टाळ्या वाजल्या. माधवनं टाळ्या वाजवल्या नाहीत.

मग मंडळानं बिल्ले गोळा केले. माधवनं आपला थाळीत टाकला. त्याचा आवाज झाला तो सुंदराबाईला फार मोठा वाटला.

पाळक उठले, आणि खाली बघत म्हणाले की भोजनाआधी आपल्यातल्या एक भगिनी, आपल्या घराच्या वतीनं, मंडळीपुढं दोन शब्द बोलणार आहेत.

सुंदराबाई उठली. पदर सावरला. शेवंतीच्या गुडघ्यांवरून वाट काढून ती बाहेर आली तेव्हा माधवचा हात पुढं झाला आणि तिच्या लुगड्याला लागून मागं गेला. ती व्यासपीठावर चढून मंडळीकडं तोंड करून उभी राहिली. पायांखाली त्याच फळ्या. इतकी वर्षं तिनं त्या पुसल्या होत्या, त्यांच्यावर उभी ती पहिल्यांदाच होती.

समोर जगदीशरावांचा चेहरा होता. घाबरलेला. तिनं तोंड उघडलं असतं तर तो माणूस स्कॉचांपुढं, साहेबापुढं, बायकोपुढं उघडा पडला असता. शब्द सगळे जिभेवर होते. तिसऱ्या बाकावरून माधव तिच्याकडं टक लावून बघत होता, आणि तिला कळलं की तो त्याच शब्दांची वाट बघतोय. आई आता सांगणार. म्हणूनच ती उभी राहिली. त्याच्या चेहऱ्यावर तसा विश्वास होता.

तिची नजर त्याच्या शेजारी गेली. शेवंती उशीला रेलली होती, एक हात पोटाखाली.

"माझा पोरगा सरकारविरुद्ध गेला," सुंदराबाई म्हणाली. "त्यात त्याची चूक झाली. घराची मोठी म्हणून मी ती पदरात घेते. मंडळीनं क्षमा करावी."

तिचा आवाज खणखणीत होता. मागच्या बाकापर्यंत गेला. साहेबांना पाळकांनी कानात काहीतरी सांगितलं, आणि साहेबांनी मान हलवली. डंकनचा पुतण्या तिच्याकडं बघून हसला.

ती परत जाग्यावर येऊन बसली. माधवनं तिच्याकडं पाहिलं नाही.

भाकरीचं ताट बाकाच्या त्या टोकाकडून हातोहात यायला लागलं. प्रत्येकानं तुकडा मोडायचा, खायचा, ताट शेजाऱ्याला द्यायचं. ताट माधवकडं आलं. त्यानं ते दोन्ही हातांनी घेतलं. क्षणभर धरलं. मग तुकडा न मोडता शेवंतीकडं सरकवलं. शेवंतीनं ताटाकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं, आणि तिनंही ते तसंच, न मोडता, सासूपुढं धरलं.

सुंदराबाईनं तुकडा मोडला. मोठा मोडला. चावायला वेळ लागला. सगळ्या मंडळीत तेवढा वेळ कुणी चावत बसलं नसेल. मग तिनं ताट पुढं दिलं.

त्याच दिवशी पाहुणे जेवायला बसले असताना माधवनं हातगाडी आणली. एक ट्रंक, एक वळकटी, भांड्यांचं पोतं. सुंदराबाई दारात उभी होती.

"सुईण काय म्हणाली ऐकलंस ना? हलवू नका म्हणाली."

"गाडीवर निजवून नेतो. हळू नेतो."

"कुणासाठी केलं रे मी? खोली राहिली की नाय?"

माधव दोर आवळत होता. गाठ मारून झाल्यावर तो वळला. "तू आतापर्यंत घरात ज्या ज्या माणसाला शिव्या दिल्यास ना आई, त्याला तोंडावरही दिल्यास. मला वाटायचं, आपल्याकडं काही नसलं तरी हे आहे. मला कळू दिलं असतंस तर मी तुला उभी राहू दिली नसती. तुला ते ठाऊक होतं, म्हणूनच खोटं बोललीस." एवढं बोलून त्यानं शेवंतीला उचलून वळकटीवर बसवलं.

शेवंती म्हणाली, "आत्या, दिवस भरले की निरोप देते." सुंदराबाई म्हणाली, "नको देऊ." तिला म्हणायचं होतं दे. पण तोंडाला तोडून बोलायची जी सवय लागली होती ती त्या वेळीही सुटली नाही. हातगाडी आवाराबाहेर गेली. चाकाला तेल नव्हतं. दादरच्या रस्त्याच्या वळणापर्यंत त्याची कुरकुर ऐकू येत होती.

खोलीत चूल होती, उशी होती, तिची वळकटी होती. भिंतींना माधवनं उरलेला चुना लावून घेतला होता, बाळाला स्वच्छ म्हणून.

सोमवारी सकाळी तिनं घंटेचा दोर झटकला, व्यासपीठ पुसलं, थाळ्या राखेनं घासल्या. मग शाळेचे बाक परत न्यायचं काम उरलं. शाळा भरायच्या आत बाक वर्गात जायला हवेत, म्हणून जगदीशराव सकाळीच आले होते. त्यांच्या अंगावर कालचाच कोट होता. बिल्ल्यांची पेटी कुलपात ठेवून ते बाहेर आले, आणि मोकळ्या आवाजात म्हणाले की सोहळा छान झाला, साहेब खूश होऊन गेले, अनुदानाची काळजी नाही. आणि वहिनींनी जे केलं ते मंडळी कधी विसरणार नाही.

"माधवला जरा हाक मारा. बाक हलवायला हवेत."

"माधव नाय."

"गिरणीवर गेला?"

"गेला. दोघं गेली."

जगदीशरावांना कळायला वेळ लागला. कळल्यावर ते खोलीच्या दाराकडं बघायला लागले. मग म्हणाले, एखादा हमाल बघावा लागेल.

"हमालाला कशाला पैसे?" सुंदराबाई म्हणाली. ती एका बाकाच्या टोकाशी जाऊन वाकली. "धरा तिकडून."

"मी?"

"दुसरं कोण हाय इथं?"

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. दाराशी शाळेतल्या दोन मास्तरणी उभ्या होत्या. जगदीशरावांनी कोटाच्या बाह्या वर केल्या आणि वाकून बाकाचं दुसरं टोक उचललं. बाक शिसवी, लांब, जड. सुंदराबाईनं उलटं चालायचं टोक आपल्याकडं घेतलं होतं. उलटं चालणाऱ्याला पुढची वाट दिसत नाही, समोरच्याचं तोंड तेवढं दिसतं. आवाराच्या मध्यावर ते तोंड लाल झालं. कपाळावरून घाम भुवईत उतरला. पुसायला हात मोकळा नव्हता.

"वहिनी, जरा टेकवू या."

सुंदराबाईच्या चिरलेल्या पेरांतून पुन्हा रक्त यायला लागलं होतं, आणि ते बाकाच्या कडेला लागत होतं. तिनं पाऊल मागं टाकलं, मग आणखी एक.

"चला," ती म्हणाली. "आत अजून पुष्कळ बाक आहेत."